नको ते खोडा

आमच्या नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एका माणसाने चौतीस वर्षं उभ्याने नोकरी केली. नकाशाचं टेबल उंच आणि उतरतं असतं, त्याच्यापुढे खुर्ची चालत नाही. आम्ही बाकीच्यांनी बसून दुखणी कमावली, त्यांनी उभं राहून. सडपातळ, ताठ, आणि वळायचं झालं तर सबंध वळणारे. ऑफिसने त्यांचं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलं होतं. तोंडावर सगळे काका म्हणायचे. ते दुसरं नाव त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. “फूटपट्टी निदान खोटं बोलत नाही,” असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा मला ते साधं बोलणं वाटलं.

मी जावक बाई. म्हणजे ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जातो आणि त्याची पोच माझ्याकडे परत येते. बावीस वर्षं हेच करते आहे. माझ्या स्वभावाबद्दल ऑफिसात फारसं चांगलं बोललं जात नाही, कारण अर्धवट भरलेला अर्ज मी घेत नाही आणि गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. काका गोड बोलत नसत. ते बोलतच नसत. त्यामुळे आमचं जमायचं.

काकांचं काम गावाचा नकाशा सांभाळायचं. राहण्याची जागा पिवळी, दुकानांची निळी, बागांची हिरवी. पिवळ्या पट्ट्यात कुणाला दुकान काढायचं असलं की त्याने पिवळ्याचं निळं करून मागायचं. कुणाची जागा चिंचोळी असली आणि शेजाऱ्याकडे सोडायचं अंतर सोडता येत नसलं, की त्याने सवलत मागायची. दोन्हीची रीत एकच. आजूबाजूच्या घरांची यादी काकांनी नकाशावरून करायची, मी त्या घरांना नोटिसा धाडायच्या आणि तीस दिवस वाट पाहायची. मग मंगळवारी दुपारी तीन वाजता सभागृहात पाच जणांची समिती बसते आणि कुणाची हरकत आहे का विचारते. बहुतेक वेळा पंखा सोडून कुणी आवाज करत नाही.

नोटिशीच्या तळाशी फाडून परत द्यायची एक चिठ्ठी असते. तिच्यावर छापलेलं असतं : ‘माझी हरकत आहे / हरकत नाही. नको ते खोडा.’ एवढ्या साध्या गोष्टीत लोक काय काय करतात ते मला विचारा. काही दोन्ही खोडतात. काही काहीच खोडत नाहीत आणि खाली ‘आपला विश्वासू’ लिहितात. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर ‘नको ते खोडा’ हेच शब्द खोडून पाठवले होते. त्यांना बहुधा ते नको वाटले.

अशाच एका फायलीला टाचण्या लावताना माझं लक्ष सतरा-अ च्या चिठ्ठीकडे गेलं. ‘हरकत आहे’ हे शब्द पट्टी लावून ओढावी तशा सरळ रेघेने खोडले होते. खाली सहीच्या जागी अंगठा होता. पण अंगठ्याला रेषा असतात. हा नुसता काळा, गुळगुळीत, चकाकणारा गोल होता. मी जुन्या फायली उपसल्या. बावीस वर्षांत सतरा-अ कडून नऊ चिठ्ठ्या आल्या होत्या. नऊच्या नऊ तशाच, तीच रेघ आणि तोच बिनरेषांचा अंगठा. नऊही वेळा ‘हरकत नाही’.

नोटिसा वाटायला आमचे शिपाईमामा जातात. मी त्यांना गाठलं.

“मामा, सतरा-अ ची नोटीस कुणाच्या हातात देता?”

“सतराच्या ताईंकडे देतो. त्या म्हणतात, ठेवा, मी देते पलीकडे. आठवड्याने त्याच चिठ्ठी परत देतात.”

“तुम्ही सतरा-अ पाहिलंय का कधी?”

“त्यात पाहायचं काय, बाई? नकाशात आहे ना.”

सतरा नंबर म्हणजे काकांचं घर, आणि ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघंच राहायची. दुपारच्या सुट्टीपर्यंत मी कसाबसा दम धरला. सगळे डबे उघडायला खाली गेल्यावर मी नकाशाच्या खोलीत शिरले आणि नऊ चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. काकांनी पेनाला टोपण लावलं. दोन्ही हात टेबलावर टेकले.

“ते घर नाही,” ते म्हणाले. “तो डाग आहे.”

नोकरीला लागून त्यांना पाच महिने झाले होते. जुना नकाशा नव्या कापडावर उतरवून काढायचं काम त्यांच्याकडे आलं. तीन आठवडे ते आळीमागून आळी काढत होते. शेवटी स्वतःची आळी आली. “आपलं घर काढताना हात थबकतोच, बाई. कुणाचाही. मी जरा जास्तच बघत राहिलो.” त्या थबकलेल्या पेनातून शाईचा थेंब सुटला आणि सतराच्या पलीकडे पडला, शर्टाच्या बटणाएवढा. पलीकडे बागेसाठी राखलेली मोकळी जागा होती. त्या वेळचे साहेब कडक. डाग दिसला तर अख्खं कापड फाडायचे. ओली शाई खरवडली तर भोक पडणार. काकांनी ती सुकू दिली, पट्टी लावली आणि थेंबाला चार कोपरे काढले. आमच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. पाच बाय पाचचं टुमदार घर झालं. पुढच्या वर्षी ज्याने घरांना नंबर दिले त्याने ते नकाशावरूनच दिले आणि डागाला सतरा-अ मिळाला.

“आणि या चिठ्ठ्या?” मी विचारलं.

“ताई भरत असेल असं मी धरून चाललो.”

“तिला विचारलं नाही?”

“नाही.”

“चौतीस वर्षांत?”

“विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं,” काका म्हणाले.

मला हसू आलं आणि रागही आला. म्हातारी बाई भावाची चूक झाकायला चिठ्ठ्या भरते आणि भाऊ ते कळूनही विचारत नाही, अशी मी माझ्यापुरती उकल केली. तक्रार करायची तर त्या नाहरकतींवर गावात काय काय उभं राहिलं होतं : दुकानांची रांग, दवाखाना, शाळेचा वरचा मजला. मी चिठ्ठ्या गोळा करून जागच्या जागी लावल्या. घर नसलेला शेजारी कुणाला त्रास तर देत नव्हता.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी ताईंची उजवी बाजू गेली. वाचा थोडी जड झाली पण राहिली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. त्यांच्या घरी झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही वरच्या मजल्यावर, आणि ताईंना दिवसभर वर पडून राहणं नको. दारात बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. म्हणून काका रोज सकाळी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणायचे आणि दिवेलागणीआधी वर न्यायचे. अठरा पायऱ्या. काकांना निवृत्तीला पाच महिने राहिले होते आणि डाव्या गुडघ्याने आधीच राजीनामा दिला होता. एक दिवस चौथ्या पायरीवर तो गुडघा वळला. काकांनी कठडा धरला म्हणून दोघं वाचली, पण ताईंचं कपाळ भिंतीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

“खाली एक खोली काढायची,” ते म्हणाले. “नाहीतर पुढच्या वेळी दोघांपैकी एक जाईल.”

खोलीला जागा एकच होती, त्या मोकळ्या प्लॉटाच्या बाजूला. तिथे तीन मीटर सोडायला हवे होते. खोली बांधली तर जेमतेम एक उरत होता. म्हणजे सवलत मागणं आलं, शेजाऱ्याला नोटीस आली. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा अर्ज भरला, आणि शेजारच्या घरांची यादी करताना खाली वळणदार अक्षरात लिहिलं : सतरा-अ, राहणार यांस.

“वगळा की,” मी म्हटलं.

“मूळ नकाशात आहे. वगळलं तर यादी खोटी होते.”

खोटेपणा अंगवळणी पडला की त्याचेही नियम होतात. मी नोटीस धाडली. घरचंच माणूस, ताई कशाला हरकत घेतील, असं आम्हा दोघांच्याही मनात होतं. त्यांच्या उजव्या हाताचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

आठव्या दिवशी मामांनी चिठ्ठी आणून दिली. ‘हरकत नाही’ हे शब्द सरळ रेघेने खोडलेले होते. खाली बारीक, नीट अक्षरात दोनच शब्द लिहिले होते : उजेड अडेल. त्याच्याखाली तो गोल.

मी ती चिठ्ठी हातात घेऊन नकाशाच्या खोलीत गेले. काकांनी वाचली. मग त्यांनी हळूच तर्जनी त्या गोलावर टेकवली, आणि उचलली तेव्हा बोटाचं टोक काळं झालं होतं. शाई ओली होती. मामांनी चिठ्ठी दुमडून खिशातून आणली होती आणि दुमडलेल्या दुसऱ्या बाजूला एक ठिपकाही उमटलेला नव्हता. मी घाबरले. हे मी लपवून ठेवत नाही.

त्याच दिवशी चार वाजता मी सतरा नंबरला गेले. स्वच्छ ऊन होतं. घर आतून काकांसारखंच, सरळ आणि कमी सामानाचं. जिन्याचा लाकडी कठडा एका बाजूने हात लागून लागून उजळ झाला होता. जिन्याच्या भिंतीत, मोकळ्या प्लॉटाकडे, एकच खिडकी होती आणि तिचं ऊन तिसऱ्या पायरीपासून आठवीपर्यंत पडलं होतं. ताई त्या दिवशी वरच होत्या, कपाळाची खोक भरायची होती म्हणून.

“ताई, ही चिठ्ठी कुणी लिहिली?”

“शेजारच्यांनी.”

“शेजारी कुणी राहत नाही, ताई.”

“असं कुणाला ऐकू जाईल असं बोलू नये,” त्या म्हणाल्या. जीभ जड होती, पण दटावणी स्पष्ट होती. “फार सालस आहेत त्या. मी नोटीस कुंपणाच्या भिंतीवर ठेवते, दगड ठेवून. आता मामाच ठेवतात. कधीतरी चिठ्ठी परत येते.”

“आणि उजेड अडेल म्हणजे काय?”

“ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना एकच खिडकी आहे ना, ती आपल्या जिन्याकडे. बाळ मला चढवतो-उतरवतो ते बघत असतात.” बाळ म्हणजे अठ्ठावन्नाला टेकलेले काका. “परवा पडलो तेव्हा किती घाबरल्या बिचाऱ्या.”

मी वरच्या खिडकीतून खाली पाहिलं. प्लॉटात गुडघाभर गवत होतं. मधोमध एक चौकोन मात्र मोकळा होता, झाडून ठेवल्यासारखा. पाच बाय पाच असावा. मोजायला मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडून ड्रॉवरची किल्ली घेतली आणि मूळ कापड भिंगाखाली धरलं. डागाच्या घरात, सतराच्या बाजूला, शाई न पोचल्याने एक पांढरा ठिपका राहिला होता, मोहरीहून लहान, मापाने एका खिडकीएवढा. ताईंनी हा नकाशा जन्मात पाहिलेला नव्हता. ड्रॉवर कुलपात असतो आणि काका घरी कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

सुनावणी मंगळवारी. काकांच्या आधी पंक्चरवाल्याची हरकत होती. आमच्या स्टँडामागे एक पत्र्याची खोली आहे, त्यात तो चौदा वर्षं बायकोमुलांसह राहतो. त्या पट्ट्याचं निळं होणार होतं.

“नकाशात तिथे मोकळी जागा आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मी राहतो ना तिथे, साहेब. आज सकाळी तिथूनच आलो.”

“ते ठीक आहे. पण हरकत घ्यायला घर लागतं.”

पंक्चरवाला दाराशी जाऊन थांबला. त्याला बाहेर जायचं की नाही तेही कुणी सांगितलं नव्हतं.

मग सतराचं प्रकरण आलं. मी तीन वेळा पुकारलं, “सतरा-अ चे हरकतदार हजर?” तिसऱ्या वेळी माझा आवाज मलाच ऐकवेना. कुणी आलं नाही. पण हरकत उजेडाची असली की माणूस गैरहजर असला तरी ती विचारात घ्यावी लागते, हा नियम आहे, आणि तो अध्यक्षांना पाठ होता.

काका उठले. “ते घर नाही, साहेब,” ते म्हणाले. “ते मी काढलंय.”

“गावातली सगळीच घरं तुम्ही काढली आहेत,” अध्यक्ष म्हणाले, आणि समिती हसली.

“तसं नाही. खोटं काढलंय. तिथे गवत आहे.”

आमचे साहेब बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्या घराच्या नाहरकतींवर काय काय उभं आहे, त्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू झाला असणार. अध्यक्षांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली.

“नकाशात आहे, नंबर आहे, चिठ्ठी आहे, अंगठा आहे,” ते म्हणाले. “घराला आणखी काय लागतं? सवलत नामंजूर.”

दारातून पंक्चरवाला म्हणाला, “मग ते घर मला द्या.”

या वेळी कुणी हसलं नाही. काका खाली बसले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा वाकून बसलेलं पाहिलं. मला त्या पाच जणांना एकेक करून अठरा पायऱ्या चढायला लावावंसं वाटलं, पाठीवर माणूस देऊन.

साहेबांनी संध्याकाळी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ते म्हणाले. “लेखी काही देऊ नका. तुम्ही तर अडकालच, पण जुन्या सगळ्या फायली उघडतील. कापड जुनं झालंय. एखादा डाग साफ करायला काय हरकत आहे? नंतर नवीन अर्ज करा. नवीन यादी.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यात माझा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. मला चौथी पायरी दिसत होती.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही कापड टेबलावर पसरलं. मी दोन्ही बाजूंनी ताणून धरलं आणि काकांनी नवं पातं घेतलं. पात्याने शाई उडवायची म्हणजे दाढी करण्यापेक्षा हलका हात लागतो. चौतीस वर्षं वाळलेली शाई भुकटी होऊन निघायला हवी. ती पात्याला ओलसर चिकटून निघत होती आणि काका दर खेपेला पातं फडक्याला पुसत होते. आधी चार कोपरे गेले, मग भिंती. शेवटी कापड कोरं झालं आणि त्यात तो पांढरा ठिपका तेवढा राहिला. कापड जुनाट पिवळट, ठिपका पांढराशुभ्र. आजूबाजूला शाई नसतानाही तो दिसत होता.

“हा कसा खरवडायचा?” मी विचारलं.

काकांना चौतीस वर्षांच्या नोकरीत पांढरं पुसायची वेळ आली नव्हती. त्यांनी हिरवा रंग कालवला आणि बागेचा पट्टा त्याच्यावरून ओढून घेतला. “ताईला सांगू नका,” एवढंच म्हणाले.

नव्या यादीत सतरा-अ नव्हता. कुणाची हरकत आली नाही. सवलत मंजूर झाली आणि दोन महिन्यांत खोली उभी राहिली. ती पूर्ण झाली त्याच आठवड्यात काका निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या अचूकपणाचं कौतुक केलं. काका खाली बघत होते.

महिन्याभराने मी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले, मुद्दाम खोली बघायला. खोली छान झाली होती. बुटका पलंग, हाताला येईल असा कठडा, उंबरा नाही, लागूनच न्हाणीघर. पलंगावरची चादर इतकी ताठ होती की तिच्यावर कुणी बसल्याचंही दिसत नव्हतं. खुंटीवर ताईंचं काहीच नव्हतं. उशाशी पाण्याचं भांडं होतं, आणि ते अर्धं प्यायलेलं होतं.

काकांच्या गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी टेबलावर चहाचे चार कप ठेवले.

“ताई कुठे आहेत?”

काकांनी जिन्याकडे बोट केलं. ताई खालच्या पायरीशी खुर्चीत बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून.

“या खोलीत का नाही झोपत?” मी त्यांना विचारलं. माझा आवाज चढला असेल. “एवढा आटापिटा कुणासाठी केला?”

“ती त्यांची आहे,” ताई म्हणाल्या. “यानं त्यांचं घर पुसलं. घर पुसलं म्हणून माणूस पुसलं जातं का? पहिल्याच दिवशी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुठे जा म्हणायचं? मी म्हटलं, या.” मग काकांकडे बघून, रागाने नाही, “तुला सांगितलं होतं ना त्यांनी. लेखी सांगितलं होतं.”

काका चहा गाळत होते. त्यांनी चारही कप सारखे भरले. चौथा कप त्यांनी खोलीच्या दारात नेऊन ठेवला. हे त्यांनी रोज करावं तसं केलं, माझ्याकडे न पाहता.

मी तासभर बसले. भलतंसलतं बोलत राहिले, ऑफिसच्या गप्पा, काकांच्या जागी आलेल्या नव्या आरेखकाची फजिती. उठायच्या वेळी काका म्हणाले, ताईंना वर नेऊन येतो, थांबा. त्यांनी खुर्चीपुढे पाठ केली, ताईंनी डावा हात त्यांच्या गळ्यात टाकला, आणि मी उजवा हात उचलून ठेवला. मी मागून आधाराला निघाले.

दोन पायऱ्या चढल्यावर मला कळलं. जिन्याच्या खिडकीबाहेर आता त्या खोलीची भिंत होती. बाहेर दुपारचं लख्ख ऊन आणि जिन्यात पायरी दिसेना. काकांनी स्वतः काढलेल्या आराखड्यात हे होतं, पण खोली झाल्यावर जिनाच लागणार नाही, मग त्याला उजेड कशाला, असं त्यांनी धरलं होतं. आम्हीही कुणी विचारलं नव्हतं की उजेड अडेल, तर कुणाचा.

तिसऱ्या पायरीवर काका थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाय पुढे करून ते चौथी चाचपत होते, आणि डावा गुडघा पट्ट्यातून कुरकुरत होता. मी हात पुढे केला तो ताईंच्या पाठीला लागला. कठडा मला सापडत नव्हता. दिव्याचं बटण खाली होतं, जिन्याच्या तोंडाशी. आम्ही तिघंही वर होतो.

खाली बटण वाजलं आणि दिवा लागला.

मी मागे वळून पाहिलं नाही. पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या, एकेक.

“लागला हो दिवा,” ताई काकांच्या खांद्यावरून म्हणाल्या. “दिसतं आता आम्हाला. तुमचा चहा गार होईल.”

ते मला उद्देशून नव्हतं. काकांनी चौथ्या पायरीवर पाय रोवला, वजन टाकून पाहिलं, आणि पाचवी चढले.